बावन्न वजा सत्तावीस : घरची रीत एक, शाळेची दुसरी, मधे सापडतं पोरगं

मागच्या आठवड्यात आमच्या घरात रडारड झाली ती एका वजाबाकीवरून. तिसरीतली मुलगी गृहपाठ घेऊन बसली होती. मी ज्वारीला पाणी देऊन रात्री साडेआठला घरी आलो. वहीत उदाहरण होतं, ५२ वजा २७. तिचं उत्तर आलं होतं १५. मी खोडायला लावलं आणि मला जशी शिकवली होती तशी वजाबाकी समजावली. तिनं परत केलं, परत १५. तिसऱ्यांदाही १५ आल्यावर माझा हात उठला. पाठीत धपाटा बसला आणि पोरगी रडत आजीच्या पांघरुणात शिरली.

दुसऱ्या दिवशी शेतात जायच्या आधी वही घेऊन शाळेत गेलो. बाईंनी वही बघितली, जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पोरीनं आळस केलेला नाही. तिनं माझंही ऐकलंय आणि तुमचंही ऐकलंय. म्हणून उत्तर चुकलंय."

हे ऐकून मी जो चाट पडलो, त्यातून हा लेख लिहितोय. कारण हे एकट्या माझ्या घरातलं नाही. आठवडी बाजारात चार जणांना विचारलं, चौघांच्याही घरी हेच. "पुस्तकात काय दिलंय तेच कळत नाही," "आमच्या वेळचं गणित असं नव्हतं," "पोरगं मॅडमनं सांगितलं तेच खरं म्हणतंय." त्यातच २०२५-२६ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं पहिलीची पुस्तकं बदलली आहेत, आणि पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्यानं बदलणार आहेत. म्हणजे हा गोंधळ कमी होणार नाही, वाढणार आहे. तेव्हा तो नेमका होतो कुठं, हे आपण एकदा नीट बघू.

दोन रीती, एक वही

आधी माझी रीत. आम्हाला गुरुजींनी शिकवलं ते असं : दोनातून सात जात नाहीत. म्हणून बारातून सात गेले, राहिले पाच. हातचा एक. तो हातचा खालच्या दोनात मिळवायचा, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. का मिळवायचा ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता शाळेची रीत. बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन एकक. दोन एककातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करायचा. वरचा ५ खोडून ४ करायचा, आणि दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर २५.

दोन्ही रीती बरोबर, दोन्हींचं उत्तर एकच. पण माझ्या पोरीनं काय केलं? बाईंनी सांगितलं म्हणून वरचा ५ खोडून ४ केला. बापानं सांगितलं म्हणून खालच्या २ चे ३ केले. चारातून तीन गेले एक. उत्तर १५. तीन वेळा केलं तरी १५ येणारच होतं, कारण मी तीनही वेळा तेच सांगत होतो.

शाळेची रीत समजून घ्यायला बीएड लागत नाही. आपण रोज तेच करतो. खिशात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आहेत. दुकानदाराला सत्तावीस रुपये द्यायचेत. सात रुपये सुटे नाहीत, मग काय करता? दहाची एक नोट मोडता. आता चार नोटा आणि बारा नाणी. सात नाणी दिली, पाच उरली. दोन नोटा दिल्या, दोन उरल्या. दशक सुटा करणं म्हणजे दहाची नोट मोडणं, बाकी काही नाही.

आणि आपली जुनी रीत तरी चालते कशी? तेही मला या वयात कळलं. बापाचं वय बावन्न आणि पोराचं सत्तावीस असेल तर दोघांत पंचवीस वर्षांचं अंतर. आणखी दहा वर्षांनी बाप बासष्टचा होईल, पोरगं सदतीसचं होईल, अंतर पंचवीसच राहील. जुन्या रीतीत आपण वरच्या दोनाला दहा देऊन बारा करतो आणि खालच्या दशकात एक मिळवतो, म्हणजे खालच्यालाही दहाच देतो. दोन्हीकडं दहा वाढवले, म्हणून फरक बदलत नाही. रीत पक्की आहे. पण ती शाळेच्या रीतीत मिसळली की नासली. दुधात ताक घातल्यासारखं.

आकड्याचं नाव उलटं, लिहायचं सुलटं

याच्याही आधीची एक अडचण आहे आणि ती आपल्या मराठीतच आहे. "त्रेपन्न" म्हणताना तोंडातून आधी तीन येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपल्याला सवय झाली. लहान मूल ऐकतं तसं लिहितं. त्रेपन्न ऐकलं, तीन आधी आला, लिहिलं ३५. आपण म्हणतो, पोराचं डोकं चालत नाही. खरं तर त्याचे कान नीट चालतात म्हणून ही चूक होते.

एकोणतीसचं तर बघूच नका. त्या नावात ना दोन ऐकू येतो ना नऊ. ऐकू येतं "एक" आणि "तीस". मग पोरगं ३१ तरी लिहितं, नाहीतर ३९ तरी. एकोणनव्वद म्हणजे ८९, पण ९९ ला एकोणशंभर म्हणायचं नाही, तिथं नव्व्याण्णव. शंभराच्या पुढं आणखी वेगळं : "एकशे पंचवीस" म्हणताना आधी शंभर, मग पाच, मग वीस. म्हणून कुणी १५२ लिहितं, कुणी सरळ १००२५ लिहून मोकळं होतं. ३६ आणि ६३ चं तर विचारू नका, लहानपणीच गणिताशी छत्तीसचा आकडा पडतो तो असा.

जुन्या वाचकांना आठवत असेल, जून २०१९ मध्ये यावरून राज्यभर गदारोळ झाला होता. बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक", त्रेसष्टला "साठ तीन" अशी वाचनाची पद्धत दिली. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत, लहान मुलाला बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच मिळावा एवढाच हेतू आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ऐकतो कोण? विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून विनोद झाले, व्हॉट्सॲपवर चुटके फिरले, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. त्यात आम्हीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

आज विचार केला तर वाटतं, हसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला हवं होतं. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. अंडी मोजायची असली की ती त्रेसष्ट म्हणत नाही. ती म्हणते, "तीन विसा न् तीन." म्हणजे मोठा भाग आधी, सुटे मागनं. आपल्याच गावात पिढ्यानपिढ्या चाललेली मोजणी ही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यांना विचारा. एकवीसला ते "इप्पत्तोंदु" म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. त्यांच्या पोराला बोलायचं आणि लिहायचं एकाच क्रमानं. इंग्रजीतही तसंच, ट्वेंटी वन.

याचा अर्थ एकवीस, बावीस ही नावं टाकून द्यायची असा नाही. ती आलीच पाहिजेत, नाहीतर पोरगं बाजारात उभं राहू शकणार नाही. सेमी इंग्रजीची काही पोरं आता अशी दिसतात. दुकानदार म्हणतो "त्रेपन्न झाले", पोरगं बघत राहतं, कारण त्याला फिफ्टी थ्री माहीत आहे. पण नाव शिकवताना सोबत "पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न" एवढं जोडून म्हटलं तर काही बिघडत नाही. आमच्या घरी आता आम्ही तसं म्हणतो. महिनाभरात उलटे आकडे कमी झाले.

"जास्त" दिसलं की बेरीज

तिसरी अडचण शाब्दिक उदाहरणांची. पोरांना एक खोड लागलेली असते. "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "जास्त" दिसलं की परत बेरीज. ही खोड बऱ्याचदा आपणच लावतो, "अरे, जास्त म्हटलंय ना, मग मिळव" असं सांगून.

आता हे बघा. "राजूकडे १५ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती?" निम्मी पोरं १९ लिहितात, कारण "जास्त" दिसलं. उत्तर आहे ११. हेच गणित गोठ्यात विचारा : "आपली म्हैस पंधरा लिटर देती, ती शेजारच्या म्हशीपेक्षा चार लिटर जास्त देती. मग शेजारची किती देती?" पोरगं लगेच अकरा म्हणेल. गणित त्याला येतं. वाक्य येत नाही. म्हणून अशा वेळी उत्तर सांगायच्या ऐवजी त्याला म्हणायचं, "हे गणित तुझ्या शब्दात सांग बघू." त्याला सांगता आलं की निम्मं काम झालं.

मोबाइलनं काय होतं

आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. गणिताचा फोटो काढला की उत्तर दाखवणारी ॲप आहेत, आणि पोरांना ती आपल्याआधी सापडतात. उत्तर येतं, वही भरते, बाई बरोबरची खूण करतात, सगळे खूश. परीक्षेत मोबाइल नसतो, तिथं पितळ उघडं पडतं. शिवाय ॲपवाला दाखवतो ती पायऱ्यांची रीत तिसरीच. म्हणजे घरची एक, शाळेची एक आणि मोबाइलची एक. वर पुस्तकात मराठी आकडे आणि मोबाइलवर इंग्रजी.

मोबाइल वापरायचाच तर त्याची चांगली वाट आपल्याच जिल्ह्यातून गेलेली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायचा प्रयोग केला. पुढं राज्याच्या पुस्तकांवर असे कोड आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आपण त्यांचे फ्लेक्स लावले, पण पुस्तकावरचा तो चौकोन किती पालकांनी स्कॅन करून बघितला? दीक्षा ॲपवरून तो उघडतो आणि पुस्तकातल्या धड्याला धरून असलेलं साहित्य मिळतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकाची पीडीएफही फुकट आहे. रात्री दहा मिनिटं पालकानं स्वतः धडा चाळला तर "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य निम्म्या वेळा बोलावं लागणार नाही.

हे एवढं महत्त्वाचं का?

कुणी म्हणेल, एका वजाबाकीवर एवढा लेख कशाला. तर आकडे बघा. प्रथम संस्थेचा "असर" अहवाल दर काही वर्षांनी निघतो. त्यात देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन पोरांची तपासणी होते. २०२४ च्या अहवालाप्रमाणं, ग्रामीण भारतात तिसरीच्या १०० पोरांपैकी फक्त ३४ च्या आसपास पोरांना वजाबाकी येत होती. ही वजाबाकी म्हणजे दोन अंकी, दशक सुटा करावा लागतो अशी. म्हणजे आमच्या घरात रडारड झाली तीच! पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी पोरं शंभरात ३१ च्या आसपास. २०२२ च्या मानानं यात सुधारणा आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण तिसरीत तीनातल्या दोघांना जे येत नाही, ते पाचवीत आपोआप येत नाही. भागाकारात वजाबाकी लागते, अपूर्णांकात भागाकार लागतो. एक वीट ढिली राहिली की वरची सगळी भिंत हलती.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि साधं गणित करता आलं पाहिजे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधायचं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे मुदत तोंडावर आली आहे. या सगळ्या अभियानात शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं, पुस्तकं बदलतात, तक्ते येतात. पण रात्री आठ वाजता पोराशेजारी जो बसतो, त्या आईला किंवा बापाला बदललेली रीत सांगायला फारसं कुणी येत नाही. माझ्या मते खरी फट इथं आहे.

यात शिक्षकांची बाजूही सांगायला हवी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं साठपर्यंत पट असला की प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वाडीवस्तीवरच्या शाळेत दोघांनी मिळून चार-पाच वर्ग सांभाळायचे, वर ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा. एकेका पालकाला बोलावून रीत समजावणं त्यांना जमत नाही. आणि आपणही शाळेत जातो ते दाखला काढायला, नाहीतर भांडायला.

या फटीतून दुसरंही नुकसान होतं. घरी गणित जमेना, पोरगं रडायला लागलं, की आपण ठरवतो की झेडपीची शाळा बरोबर नाही. मग तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा, गाडीचं भाडं, वर शिकवणी. फीसाठी दुभतं जनावर विकलेलं मी डोळ्यांनी बघितलं आहे. आणि तिथंही दशक सुटाच करायचा असतो, फक्त इंग्रजीतून. घरी सांगणारा तोच, त्याची रीतही तीच.

करायचं काय?

मार्ग अवघड नाही आणि त्याला निधीही लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती असते. त्या समितीत एक ठराव करा : वर्षाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, प्रत्येक वर्गाच्या पालकांना अर्धा तास बोलावून यंदा बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार कोणत्या रीतीनं शिकवणार ते फळ्यावर दाखवायचं. वेळ संध्याकाळची ठेवा, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्या आयांना येता येईल. जे येणार नाहीत त्यांच्यासाठी बाईंनी फळ्याचा एक फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. गुड मॉर्निंगचे शंभर फोटो पडतात तिथं एक वजाबाकीचा पडू द्या.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर घरच्या घरी एवढं करता येतं :

गृहपाठाला बसलं की पहिलं वाक्य "असं कर" नको. "बाईंनी कसं दाखवलंय ते मला दाखव" हे पाहिजे. पोरगं सांगायला लागलं की कुठं अडलंय ते आपोआप दिसतं.

आपली रीत वेगळी असेल तर पोराला शाळेची रीत पक्की होईपर्यंत ती पोटात ठेवा. नंतर गंमत म्हणून दाखवा, उत्तर ताडून बघायला ती फार कामाची आहे.

आकडे हातात द्या. तुरीच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन काड्या. २७ काढायच्या तर एक जुडी सोडावी लागते, हे पोरगं स्वतःच्या हातानं सोडेल तेव्हा त्याला कळेल.

उत्तर चुकलं तर आधी विचारा, "हे कसं आलं?" चुकीच्या उत्तरालाही काहीतरी कारण असतं. आमच्या १५ ला होतं, तसं.

पाढे सोडू नका. नवीन रीत आली म्हणून पाढे गेले असं कुणी समजू नये. बे एके बे पाठ असलं की भागाकारात पोराचं डोकं मोकळं राहतं.

ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा आया आणि आज्यांनी तर मागं सरायचं कारणच नाही. बाजारात अंडी, भाजी, दूध विकून चोख हिशेब घेणाऱ्या बायका "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणतात, ते खरं नाही. परवा आमच्या घरी पोरगी काड्या घेऊन आजीजवळ बसली. आजी म्हणाली, "आगं, दोन विसा न् बारा हाईत. त्यातनं एक वीस न् सात काढ." पोरीनं काढल्या. एक वीस उरलं आणि पाच उरल्या. पोरगी म्हणाली, "पंचवीस."

मी शेजारीच बसलो होतो. या वेळी मी काही बोललो नाही.